परीक्षेचा ताण व त्याचें निवारण

दिवाळीची सुटी संपून शाळा पुनश्च सुरू झाली कीं, वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या मुद्रा पालटूं लागतात. मधल्या सुटींतील हास्यविनोद कमी होतो, क्रीडांगणावरील संख्या रोडावते, आणि "तुझें किती झालें?" हा एकच प्रश्न जो तो दुसऱ्यास विचारूं लागतो. फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाची परीक्षा अद्याप दूर असते. परंतु तिची छाया घरींदारीं सर्वत्र पसरते. ही स्थिति एखाद्या शाळेपुरती नाहीं. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०२२ सालीं देशांतील पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हां शंभरांपैकीं ८१ जणांनीं अभ्यास, परीक्षा व निकाल हेंच आपल्या चिंतेचें कारण सांगितलें. अशा सार्वत्रिक विषयाचा शांतपणें विचार व्हावा, या हेतूनें आम्ही हा अल्पसा लेख लिहीत आहों.

प्रथम ताण म्हणजे काय, हें पाहूं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत भीति व क्रोध यांच्या प्रसंगीं शरीरांत होणारे फेरफार वर्णिले आहेत. संकट दिसतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत मिसळतो. हृदय धडधडूं लागतें, श्वास जलद होतो, अन्नपचन मंदावतें. प्राण्यानें लढावें किंवा पळावें, यासाठीं निसर्गानें केलेली ही सिद्धता होय. प्रश्नपत्रिका हातीं पडतांना तळहात ओले होतात व घशास कोरड पडते, तें याच कारणानें. तेव्हां तें लक्षण भ्याडपणाचें नव्हे, कीं मंद बुद्धीचेंहि नव्हे. शिवाय थोडा ताण उपकारकच असतो. यर्क्स व डॉडसन या संशोधकांस १९०८ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, कठीण गोष्ट शिकतांना मध्यम उत्तेजन हितकर होतें. तें अति तीव्र झालें कीं शिकणें मंदावतें. तार सैल असली तर वाजत नाहीं व फार ताणली तर तुटते, हा वादकांचा अनुभव येथेंहि खरा ठरतो.

मग या ताणास तोंड कसें द्यावें? रिचर्ड लाझारस व सूझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनीं उपायांचे दोन वर्ग केले आहेत. अडचणीचें मूळच दूर करणें, हा पहिला. आणि तें आपल्या हातचें नसेल तेव्हां आपलें मन सांवरणें, हा दुसरा. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्यांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस एकाच परीक्षेसंबंधीं तीन वेळां प्रश्न विचारले: परीक्षेपूर्वीं, निकालाची वाट पाहतांना, आणि निकाल लागल्यावर. तिन्ही वेळीं विद्यार्थ्यांची वागण्याची रीत बदललेली दिसली. यांतील बोध आमच्या मतें मोठा आहे. एका वेळीं जो उपाय तारक, तोच दुसऱ्या वेळीं मारक होऊं शकतो.

परीक्षेपूर्वींचा काळ पहिल्या उपायाचा. येथें नुसतें मनाचें समाधान कामास येत नाहीं. कित्येक विद्यार्थी रंगीत शाईनें सुंदर वेळापत्रक तयार करतात, दोन दिवसांनीं तें मोडतें, आणि तिसऱ्या दिवशीं त्याहून सुंदर असें दुसरें तयार होतें! कांहीं जण तोच धडा पुनःपुन्हां वाचीत मध्यरात्र उलटवितात. रोडिगर व कार्पिके यांनीं २००६ सालीं दाखविलें कीं, उतारा पुन्हां वाचणाऱ्यांपेक्षां तो मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या ध्यानांत एका आठवड्यानंतर अधिक राहतो. म्हणून पुस्तक बंद करावें, कोऱ्या कागदावर आठवेल तें लिहावें, मग चुका पाहाव्या. झोपेचा बळी देऊं नये. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप अवश्य आहे, असें वैद्यकतज्ज्ञ सांगतात. आणि जें समजत नाहीं तें शिक्षकांस निःसंकोचपणें विचारावें; तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशीं मन फारच व्याकुळ झालें, तर एक साधा प्रयोग करावा. रामिरेझ व बायलॉक यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेच्या आधीं दहा मिनिटें आपली भीति कागदावर लिहून काढणाऱ्या चिंतातुर विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले दिसले. मात्र उत्तरपत्रिका देऊन आपण बाहेर पडलों, कीं त्या विषयावरील आपली सत्ता संपली. फाटकापाशीं उभें राहून उत्तरें ताडून पाहिल्यानें गुण वाढत नाहींत. उद्यांचा विषय मात्र बिघडतो. हा काळ दुसऱ्या उपायाचा. खेळावें, घरकामांत हातभार लावावा, मन अन्यत्र गुंतवावें.

निकालानंतर मात्र दोन्ही उपाय लागतात. अपयश आल्यास दुःख होणारच. डोळ्यांत पाणी आलें तर त्याची लाज वाटूं देऊं नये. त्यानंतर हातीं काय आहे तें पाहावें. गुणपडताळणीसाठीं अर्ज करतां येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवितां येते. पुरवणी परीक्षेस बसतां येतें. परंतु येथेंच एक मोठा धोका असतो. कित्येक मुलें गुणपत्रिका लपवितात, हंसण्याचें सोंग करतात, आणि सारें ओझें एकट्यानें वाहतात. ताणानें माणूस जितका खचतो, त्याहून अधिक तो या एकाकीपणानें खचतो, असें आम्हांस वाटतें. झोप व भूक अनेक दिवस हरपली, अथवा जगणेंच नकोसें वाटूं लागलें, तर क्षणाचाहि विलंब न करतां आई-वडिलांस, शिक्षकांस किंवा विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसास सांगावें. २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, आणि तें मराठींतहि.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. निकालाच्या दिवशीं शेजारच्या मुलाचे गुण विचारण्यापूर्वीं आपलें मूल जेवलें कीं नाहीं, तें विचारावें. ज्या घरीं अपयश सांगतां येतें, त्या घरचें मूल अपयशानंतरहि पुन्हां उभें राहतें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या हातीं काय आहे व काय नाहीं, हें रोज एकदां स्वतःस विचारा. जें हातीं आहे त्यासाठीं झटा. जें नाहीं तें शांतपणें सोडून द्या. आणि ओझें जड झालें तर कोणास तरी हाक मारा. हाक मारणें हा दुबळेपणा नव्हे, तो शहाणपणाच आहे. एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.