मांडव कोणासाठी घातला?

आंबिवली-मोहोन्याच्या ज्या घरांतील चूल एन.आर.सी. कारखान्याच्या पगारावर पेटली आणि ज्यांनी २००९ साली तोच कारखाना बंद पडताना पाहिला, त्या घरांतील आईवडिलांनी मुलाच्या तोंडून ‘मला डिझाइन शिकायचे आहे’ हे वाक्य ऐकताच धास्तावून जावे, हे स्वाभाविकच आहे. मात्र त्या विद्येला केवळ चित्रकला समजून हरकत घेण्यापूर्वी तिचे प्रत्यक्ष कार्य पाहणे इष्ट.

उदाहरणार्थ, १९९९ साली सुरू झालेला मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव घ्या. जहांगीर कलादालनापासून डेव्हिड ससून ग्रंथालयापर्यंतचा परिसर महोत्सवाच्या नऊ दिवसांत गजबजून जातो, आणि प्रवेश विनामूल्य असतो. परंतु तिकीट नसले म्हणजे उत्सव सर्वांचा झाला, असे मानणे हा संयोजकांचा सोयीस्कर समज होय. चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षक पदपथाच्या कडेशी अडतो, हाताळण्यासाठीच मांडलेल्या कलाकृतीची सूचना इंग्रजीत असल्यामुळे एखादी आजी हात मागे घेते, आणि सुमारे ६० किलोमीटरांवरून आलेल्या आंबिवलीकराचे लक्ष रंगमंचापेक्षा परतीच्या टिटवाळा-कसारा लोकलकडे असते. हे सारे मांडव उभारण्यापूर्वीच हेरून तदनुसार तजवीज सुचवणे, यास डिझाइनच्या विद्येत ‘यूजर रिसर्च’ म्हणतात.

‘उत्सव आवडेल का?’ असे विचारले तर मनुष्य भिडेखातर होकार देतो. म्हणून जाणता संशोधक ‘मागच्या खेपेस कोणाबरोबर आलात, कोठे बसलात, आणि किती वाजता व कशासाठी निघालात?’ असे विचारतो, उत्तरे नोंदवतो, पुठ्ठ्याची कच्ची प्रतिकृती लोकांच्या हाती देऊन त्यांची धांदल निमूटपणे न्याहाळतो, आणि मगच खर्चाचा मसुदा करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे आलेच नाहीत त्यांना गाठण्यासाठी तो उत्सवाच्या गल्लीबाहेर पडतो. आणि अशांपैकी अनेकजण जेथे भेटतील त्या फलाटावर तुमचा मुलगा रोजच उभा असतो, ही त्याची जमेची बाजू दक्षिण मुंबईतल्या उमेदवारापाशी सहसा नसते.

शिक्षणाची सोय दूर नाही. पवईच्या आय.आय.टी.त १९६९ साली स्थापन झालेले आय.डी.सी. (इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) आहे, अहमदाबादेस १९६१ पासूनची राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. आय.आय.टी.ची ‘युसीड’ ही प्रवेशपरीक्षा कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास देता येते. मानसशास्त्र वा समाजशास्त्राच्या पदवीधरांनाही हा व्यवसाय परका नाही. मात्र केवळ उत्सवांच्या आधारे वर्षभराचा चरितार्थ बहुधा चालत नाही. नियमित पगाराच्या जागा मुख्यत्वे सॉफ्टवेअर कंपन्या, बँका यांच्याकडे असतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

मुलाचा कल अजमावायचा असल्यास त्याला गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीस पाठवावे. श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली सुरू झालेल्या नववर्ष स्वागतयात्रेत, फडके रोडच्या एका कोपऱ्यावर त्याने वही घेऊन उभे राहावे. वृद्ध कोठे टेकतात, तान्ही मुले घेतलेल्या आया कोठून परत फिरतात, हे त्याने टिपावे. वहीतील रेखाटने सुबक आहेत की नाहीत, याची चिकित्सा पालकांनी करू नये. आपल्या नजरेतून सुटलेले काही त्याला दिसले काय, एवढेच तपासावे. आणि दिसले असेल, तर ‘युसीड’च्या अर्जाची मुदत बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या कित्येक आठवडे आधीच संपते, हे ध्यानात ठेवून दिवाळीपूर्वीच कागदपत्रे गोळा करावीत.