उपाशीपोटी येण्याची ताकीद

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शरीरात कोठवर पसरला आहे, हे पाहण्यासाठी माझे पीएसएमए पेट स्कॅन करावयाचे ठरले, तेव्हा तपासणी-केंद्राच्या कारकुनाने दूरध्वनीवरून, कसलाही खुलासा न करता, सहा तास निराहार राहण्याची ताकीद दिली. आणि मधुमेहाच्या गोळ्या नित्यनेमाने घेणारा मी त्या हुकुमाबरहुकूम उपाशी गेलो, तो सुई टोचण्यापूर्वीच घामाने डबडबून तेथल्या बाकावर आडवा झालो. साखरेचे पाणी पाजून मला सावध केल्यावर डॉक्टरांनी सांगितले की, निराहाराची अट ग्लुकोजसदृश द्रव्य टोचतात त्या एफडीजी तपासणीची. पीएसएमएसाठी ती सहसा लागत नाही. यंत्र एकच, म्हणून दप्तरात सूचनांचा कागदही एकच!

तेव्हा द्रव्य कोणते टोचणार हे आधी विचारावे, आणि आहार व औषधे यांविषयीच्या सूचना त्या द्रव्यापुरत्या लेखी मागून घ्याव्यात. संप्रेरक-उपचार चालू असल्यास, किंवा पूर्वी कधी बरगडी मोडली असल्यास, तेही आपण होऊन सांगावे. कारण जुन्या अस्थिभंगाच्या जागीही पीएसएमए तपासणीचे द्रव्य साचून रोगाचा आभास होऊ शकतो. वेळ मात्र कसोशीने पाळावी. या द्रव्यात अनेकदा वापरतात त्या किरणोत्सर्गी गॅलियम-६८ चे अर्धायुष्य सुमारे ६८ मिनिटांचे, म्हणजे तासाभराच्या विलंबात त्याचे तेज जवळजवळ निम्म्यावर येते, आणि उद्यासाठी ते राखून ठेवण्याची सोयच नाही.

सर्वांत अधिक दक्षता हवी ती, संकोचामुळे कोणी उघड बोलत नाही अशा, लघवीच्या बाबतीत. हे द्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, आणि मूत्राशय तर प्रोस्टेटला अगदी लागून. ते भरलेले राहिले तर त्याच्या झगझगाटात शेजारचा लहानसा ठिपका लोपून जातो. म्हणून, डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसल्यास, भरपूर पाणी प्यावे आणि यंत्राखाली निजण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे; तेही बसून, सावकाश, कारण या वयात धार आपले ऐकतेच असे नाही, आणि वस्त्रावर सांडलेला एखादा थेंबही चित्रात रोगासारखा उजळतो. जादा पायजमा बरोबर असावा.

नंतरही पाणी पीत राहावे, आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून किती वेळ अंतर राखावयाचे, ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. गॅलियमच्या बाबतीत ही बंदी बहुधा काही तासांचीच असते.