पिकअपचा आवाज: गिअरबॉक्स खोलण्याआधी

टोमॅटोचे क्रेट भरून बाजार समितीकडे निघालेली पिकअप खालून आवाज करू लागली, की गॅरेजमध्ये पहिला संशय गिअरबॉक्सवर नाहीतर मागच्या हाऊसिंगवर जातो. खर्चही तिथंच सर्वांत मोठा. म्हणून पाना हातात घेण्याआधी आवाज कशाबरोबर बदलतो ते शोधा: इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, चाकांच्या वेगाबरोबर की ओझ्याबरोबर.

सुरुवात उभ्या गाडीपासून करा. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन चालू राहू द्या. घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासायला हवं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

मग सपाट, सरळ, रिकाम्या रस्त्यावर चला. चाळीस-पन्नासच्या वेगात आवाज येऊ लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन बंद करायचं नाही, आणि घाटात किंवा उतारावर हा प्रयोग कधीच करायचा नाही. चाकं त्याच वेगानं फिरताना आवाज तसाच राहिला, तर शोध प्रोपेलर शाफ्टपासून टायरपर्यंतच्या भागात घ्या. थांबला, तर इंजिन, क्लच, गिअर किंवा ओढ आली की बोलणारे क्राउन-पिनियन.

आता सर्वांत नेहमीची तक्रार: गाडी उचलताना किंवा रिव्हर्समधून पहिला टाकताना बसणारा ‘ठक्’. बोलेरो पिकअप असो वा योद्धा, इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागच्या चाकांकडे जाते आणि शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात. क्रॉसच्या चार कपांत बारीक सुया असतात. ग्रीस संपलं किंवा चिखलपाणी शिरलं, की त्या गंजून झिजतात. तेव्हा गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, चारही चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. शाफ्ट हातात धरून उलटसुलट फिरवा आणि वर-खाली हलवा. डिफरन्शियलमुळे शाफ्ट थोडा फिरतोच, तो दोष नाही. पण क्रॉसची एक बाजू हलते आणि दुसरी मागाहून येते, किंवा कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसते, तर क्रॉस बदला. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते तीही कोरड्या क्रॉसचीच. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची रेघ मारून घ्या. जसा होता तसाच बसला नाही तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरेल.

क्रॉस ठीक निघाला तर यू-बोल्टचे नट आणि शाफ्टची सरकती खाच पाहा. लांब बांध्याच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये सेंटर बेअरिंग. त्याचं रबर फाटलं की गाडी उचलताना खालून थरथर जाणवते.

आवाज फक्त भरलेल्या गाडीत येतो का, हे माल उतरवल्यावर मुद्दाम त्याच रस्त्यानं चालवून पाहा. पाटे बसले किंवा एखादं पान तुटलं की शाफ्टचा कोन बदलतो. अशा वेळी क्रॉस कितीही वेळा बदलला तरी फार दिवस टिकत नाही. दुरुस्ती पाट्यांची करावी लागते. क्षमतेपेक्षा जास्त माल रोज भरणाऱ्यांनी तर हे आधी तपासावं.

वेग धरताना येणारी आणि ॲक्सिलरेटर सोडताच बदलणारी ‘हूं’ अशी घूं-घूं डिफरन्शियलची. फक्त वळणावर आतून कटकट आली तर त्यातले छोटे गिअर. पण हब बेअरिंगशी गल्लत करू नका: हलकेच उजवीकडे वळताना गुरगुर वाढली तर भार डाव्या चाकावर आलेला असतो, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर. रस्ता बदलताच सूर बदलतो तो बहुधा टायरचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर आणि गावच्या डांबरावर ऐकून पाहा, मग पुढची-मागची चाकं अदलाबदल करा.

हाऊसिंगवरच संशय राहिला तरी आधी भरण्याचा प्लग काढा, निचऱ्याचा नंतर. वरचा प्लग अडकला आणि तेल वाहून गेलं तर गाडी जागेवरच बसेल. तेल बहुतेक गाड्यांत भोकाच्या कडेपर्यंत हवं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. निचऱ्याच्या चुंबकी प्लगवर राखाडी लेप चालतो, धातूचे तुकडे निघाले तर मात्र गाडी भरू नका. नवं तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला. हाऊसिंगचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असेल असं धरून चालू नका.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. स्टँड नसेल तर ते काम गॅरेजवरच होऊ द्या.