प्रत्येक नव्या मालासाठी नवा कॉलम?

प्रश्न : आमच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहितोय. पाइपला व्यास, रंगाला शेड, वायरला जाडी... नवा माल आला की टेबलात कॉलम वाढवावा लागतो. सगळंच जेसनमध्ये ठेवलं तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सगळं नको. ज्याची बेरीज होते, ज्यावर हिशेब अवलंबून आहे, ते पक्क्या कॉलममध्येच हवं : कोड, एकक, दर, शिल्लक, एचएसएन. व्यास-शेडसारखी माहिती मात्र एकाच जेसन कॉलममध्ये खुशाल घाला. पोस्टग्रेसमध्ये २०१४ पासून जेसनबी आहे, त्यावर इंडेक्सही करता येतो. धोका एकच : आज 'शेड', उद्या 'रंगछटा' असं कुणी लिहिलं, की शोधताना अर्धा माल गायब! म्हणून मालाच्या प्रकारानुसार नावांची यादी ठरवा आणि फॉर्म त्या यादीवरूनच तयार होऊ द्या.

खरी लवचिकता करात लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी टक्का थेट कोडमध्ये लिहिला होता, त्यांना कोडच उघडावा लागला. तुम्ही दरांचं वेगळं टेबल करा : एचएसएन, टक्के, कधीपासून लागू. बिल करताना त्या दिवशीचा टक्का बिलाच्या ओळीत कॉपी करा. नाहीतर ऑगस्ट २०२५ चं सिमेंटचं बिल आज पुन्हा छापलं तर १८ टक्के दाखवेल, आणि तुमचे सीए तुम्हाला बोलावून घेतील.

आणि रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, डेसिमल वापरा.