संघ सोडू की गप्प राहू?

प्रश्न : मी भुईगावचा, कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. मी समलिंगी आहे, हे कुणाला ठाऊक नाही. चढाई फसली की सगळे 'बायल्या' म्हणून हसतात. संघ सोडावा का?

उत्तर : टोमण्यांपायी मैदान सोडू नकोस. गंमत बघ, साखळी करताना सगळे हातात हात धरतात, तेव्हा कुणाला काही खटकत नाही! बोलणारे बरेचसे सवयीने बोलतात. म्हणून ते कमी बोचतं असं नाही. द्युती चंद २०१९मध्ये आपल्या समलिंगी नात्याबद्दल उघडपणे बोलली, पण ती धावपटू, एकटीने धावणारी. संघात असं उघड बोलणं जड जातं. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे तूच ठरव. आधी एखाद्या भरवशाच्या मित्राला सांगून बघ. लैंगिक कलावरून छळणं यूजीसीच्या २०१६च्या दुरुस्तीनुसार रॅगिंगच आहे, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मुंबईत समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्टही आहे.