आधी भाकर, मग प्रश्न
आजचे वाचन: १ राजे १९:१-९

ईजबेलच्या धमकीने घाबरून एलीया रानात पळाला. झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देव रागावला नाही, उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने उठवून भाकर-पाणी दिले. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. तू इथे का आलास, हा प्रश्न चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले, जोगेश्वरी, बोरिवलीतही. रुळांजवळचे लोक चादरी घेऊन धावले. दुसऱ्या दिवशी मुंबई कामावर गेली, सगळ्यांनी कौतुक केलं. पण ज्याला आजही डब्यात चढताना धडकी भरते, त्याचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका (२०११) सांगते: पाहा, ऐका, जोडा. घडलेलं सांगायची सक्ती करू नका. आपण प्रार्थनागटात मात्र लगेच साक्ष मागतो!

प्रियांनो, आज एवढंच करू या. दुखावलेल्या माणसाजवळ बसा, चहा द्या, तो बोलेल तेवढंच ऐका. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याच्यासोबत बसून टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. प्रार्थना सोडायची नाही, पण फोनही टाळायचा नाही.

प्रार्थना: प्रभू, आम्हाला घाई न करता जवळ बसायला शिकव. आमेन.