स्ट्रोक ओसरला, डोकं मात्र दुखतंच आहे

स्ट्रोकनंतर घरी आलेल्या माणसाकडे सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. हात वर जातो का, पाऊल सरळ पडतं का, बोलणं स्पष्ट येतंय का. पण तोच माणूस "डोकं दुखतंय" म्हणाला की उत्तर ठरलेलं असतं: "एवढ्यातून वाचलात, थोडंफार दुखणारच." काही महिने जातात. नव्या एमआरआयमध्ये वेगळं काही दिसत नाही, हातही बराचसा सुधारतो, डोकेदुखी मात्र आहे तिथेच असते. मग "टेन्शन घेता तुम्ही" असं घरात ठरतं आणि कपाटातून एक गोळी निघते. तुमच्या घरी हे चालू असेल, किंवा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत घडत असेल, तर पुढचं जरा सावकाश वाचा. गोळी कोणती आणि महिन्यातून किती वेळा, यावर इथे बरंच काही अवलंबून आहे.

आधी एक दिलासा. ही डोकेदुखी मनाचा खेळ नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने डोकेदुखीच्या सगळ्या प्रकारांचं एक वर्गीकरण केलं आहे. २०१८ साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत या दुखण्याला स्वतंत्र नोंद आहे. डोकेदुखी स्ट्रोकच्या सुमारास सुरू झाली आणि स्ट्रोक स्थिरावल्यावर तीन महिन्यांहून जास्त टिकली, तर तिला जुन्या स्ट्रोकमुळे टिकून राहिलेली डोकेदुखी म्हणतात. रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेला स्ट्रोक असो की मेंदूत रक्तस्राव होऊन झालेला, दोन्हींसाठी तशी नोंद आहे. डॉक्टरांशी बोलताना "तीन महिने उलटून गेलेत" हे मुद्दाम सांगा.

मेंदू दुखतो म्हणजे नक्की काय दुखतं? मेंदूच्या पेशींना वेदना कळतच नाही. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्सन रे आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी डोक्याच्या शस्त्रक्रियांच्या वेळी, जाग्या असलेल्या रुग्णांच्या डोक्यातला एकेक भाग हलकेच उत्तेजित करून, कुठे दुखतं ते विचारलं. १९४० साली त्यांनी निष्कर्ष छापले. मेंदूचा गर स्वतः मुका, पण त्याच्या बुडाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या, शिरांचे मोठे मार्ग आणि मेंदूवरच्या आवरणाचे काही भाग चांगलेच दुखरे. या भागांची बातमी पुढे पोहोचवते ती मुख्यतः चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस. डोक्याच्या मागच्या तळाची बातमी मानेच्या वरच्या नसांमधून जाते. म्हणून बिघाड आत असला तरी दुखतं कपाळ, डोळ्यामागची जागा किंवा मान.

स्ट्रोकमध्ये नेमक्या याच दुखऱ्या भागांना धक्का बसतो. गुठळीने रक्तवाहिनीची भिंत ताणली जाते, आजूबाजूच्या ऊतींना सूज येते. रक्तस्राव झाला असेल तर सांडलेलं रक्त आवरणाला चुरचुरत राहतं. वेदनेच्या नसा एकदा अशा जाग्या झाल्या की काही जणांत त्या पुन्हा शांत होत नाहीत, साध्या कारणानेही कुरकुरतात. ज्यांना आधीपासून अर्धशिशी होती, किंवा ज्यांचा स्ट्रोक मेंदूच्या मागच्या भागात झाला, त्यांना हा त्रास जास्त होताना दिसतो.

पण स्ट्रोकनंतरची प्रत्येक डोकेदुखी स्ट्रोकचीच असते असं मात्र नाही, आणि खरी शोधाशोध इथेच करायची असते. सकाळी उठल्याबरोबर डोकं जड आणि रात्री मोठ्याने घोरणं असेल तर झोपेत श्वास अडखळण्याची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची, तपासणी करायला हवी. स्ट्रोक झालेल्यांत हा विकार बराच आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. एक खांदा लुळा पडला की दुसऱ्या बाजूवर सगळा भार येऊन मान आखडते, आणि ते दुखणं डोक्यात चढतं. तिथे फिजिओथेरपी गोळीपेक्षा जास्त काम करते. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या औषधांपैकी डायपिरिडामोल (ॲग्रेनॉक्समध्ये ते ॲस्पिरिनबरोबर असतं) सुरुवातीच्या दिवसांत डोकं दुखवतं, कारण ते रक्तवाहिन्या सैल करतं. बहुतेकांना हळूहळू सवय होते, नाहीतर डॉक्टर काही दिवस मात्रा बदलून देतात. आपल्या मनाने ते बंद मात्र करू नका. डोकं थांबेल, पण दुसऱ्या स्ट्रोकचं दार उघडेल. अमेरिकेत दर वर्षी सुमारे आठ लाख स्ट्रोक होतात आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा आधी एक स्ट्रोक होऊन गेलेल्यांचा असतो.

आपल्याकडची आणखी दोन कारणं. उपासाच्या दिवशी जेवण टळलं आणि चहाही सुटला, की दुपारपर्यंत डोकं धरतं. रोजचं कॅफीन एकाएकी बंद झाल्याचा तो परिणाम. दुसरं, "डोकं दुखतंय म्हणजे बीपी वाढलं असणार" हा समज. बीपी बऱ्यापैकी वाढलेलं असलं तरी बहुधा डोकं दुखत नाही. म्हणजे डोकं शांत आहे म्हणून बीपी ठीक, असंही धरता येत नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसा आणि यंत्रानेच मोजा. स्ट्रोक होऊन गेलेल्या बहुतेकांसाठी १३०/८० च्या खालचा आकडा हे लक्ष्य असतं.

आता कपाट उघडूया. अमेरिकेतल्या मराठी घरातलं औषधांचं कपाट म्हणजे दोन देशांचा संगम. एका बाजूला कॉस्टकोतून आणलेल्या टायलेनॉल, ॲडव्हिल, अलीव्हच्या मोठ्या बाटल्या. दुसऱ्या बाजूला भारतातून येताना बॅगेत टाकलेल्या क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, सॅरिडॉन, व्होव्हेरानच्या पट्ट्या. नावं वेगळी, पण आतली औषधं मोजकीच, आणि स्ट्रोकनंतर त्यांतली सगळी सारखी नाहीत.

क्रोसिन आणि टायलेनॉल एकच: भारतात त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, इथे ॲसिटामिनोफेन. स्ट्रोकनंतर अधूनमधून घ्यायला डॉक्टर बहुधा हेच सुचवतात. दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. वयस्कर माणसाला किंवा यकृताचा त्रास असलेल्याला मर्यादा त्याहून कमी असते. सर्दीच्या डेक्विल-नायक्विलमध्येही हेच असतं, तेव्हा बेरीज करताना ते विसरू नका.

ॲडव्हिल, अलीव्ह, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान ही दुसऱ्या गटातली. त्यांत अनुक्रमे आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन अधिक पॅरासिटामॉल, आणि डायक्लोफेनॅक. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली या गटावरचा इशारा आणखी कडक केला. या औषधांनी हृदयविकाराचा झटका आणि स्ट्रोक यांचा धोका वाढतो, आणि तो वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही दिसू शकतो. शिवाय ती बीपी वाढवतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर पोटात रक्तस्रावाची भीती असते.

आयबुप्रोफेनचा आणखी एक उद्योग समजून घ्या. स्ट्रोकनंतर रोज दिलं जाणारं छोटं ॲस्पिरिन (भारतातलं इकोस्प्रिन) रक्तातल्या प्लेटलेट पेशींमधल्या एका विकराला जाऊन कायमचं चिकटतं आणि त्या पेशीला गुठळी करू देत नाही. आयबुप्रोफेन आधी पोहोचलं तर ते त्याच जागेवर, एसटीत टाकतात तसा, रुमाल टाकून बसतं. ॲस्पिरिन येतं, जागा भरलेली बघतं, आणि ते रक्तात फार वेळ थांबणारं नसल्याने पुढच्या थांब्याला उतरून जातं. काही तासांनी आयबुप्रोफेनही उठतं, पण आता बसायला कोणी उरलेलं नसतं. गोळी तर वेळेवर घेतली, संरक्षण मात्र मिळालं नाही. म्हणून "साधी ॲडव्हिलच तर घेतली" हे वाक्य स्ट्रोकच्या रुग्णाच्या घरात चालत नाही.

तिसरा गट अर्धशिशीच्या खास गोळ्यांचा. सुमाट्रिप्टान आणि त्याची भावंडं, तसंच व्हॅसोग्रेनमधलं एर्गोटामाइन, रक्तवाहिन्या आवळतात. स्ट्रोक किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या माणसाला ही औषधं देत नाहीत. घरात दुसऱ्या कुणाला अर्धशिशी असेल तर तिची पट्टी वेगळ्या खणात ठेवा. एक्सेड्रिनच्या एका गोळीत २५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, तेवढंच ॲसिटामिनोफेन आणि ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेल्या ॲस्पिरिनवर तुम्ही न मोजलेली भर घालता.

आणि गोळी योग्य असली तरी तिचे दिवस मोजायला हवेत. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि सॅरिडॉन-एक्सेड्रिनसारखी मिश्रणं १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करू लागते. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की गोळी. स्ट्रोकनंतर महिनोन्‌महिने "रोज एकच तर घेतो" म्हणणारे कितीतरी जण या फेऱ्यात अडकतात. त्यातून बाहेर पडताना पहिले काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं. त्या काळात रात्रीची थोडी ॲमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेटसारखं प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. वयस्कर माणसांना ॲमिट्रिप्टिलिनने गुंगी येऊन तोल जाऊ शकतो, लघवीला अडथळा होऊ शकतो, हे आधीच विचारून घ्या. २०१८ पासून आलेल्या सीजीआरपी-विरोधी इंजेक्शनांबद्दल हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. पण सीजीआरपी हा रेणू रक्तवाहिन्या रुंदावतो, आणि रक्तपुरवठा तुटतो तेव्हा त्याचा उपयोग असू शकतो. म्हणून स्ट्रोकच्या रुग्णाला ती देताना न्यूरॉलॉजिस्ट विचार करतात.

दिवस मोजायला ॲप लागत नाही. फ्रिजवर टांगलेलं कालनिर्णय पुरतं. दुधाचा हिशेब जसा चौकटीत लिहायचो तसं लिहा: दुखणं दहापैकी किती, गोळी कोणती, झोप किती तास, बीपी किती. एक-दोन महिन्यांची ही पानं डॉक्टरांपुढे ठेवलीत तर पंधरा मिनिटांच्या भेटीत बरंच पुढे जाता येतं.

दुखण्याचं वर्णन नीट करणं हेही निम्मं निदान आहे, आणि मराठीत त्यासाठी शब्दांची ददात नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर ठसठसतं, उजेड नको होतो, मळमळतं, हे अर्धशिशीच्या वळणाचं. फडकं आवळून बांधल्यासारखं वाटतं, ते ताणाच्या डोकेदुखीच्या वळणाचं. विजेसारखी चमक निघते, ते नसेचं. मुलाने "ही हॅज अ हेडएक" असं भाषांतर केलं की हे सगळं गळून पडतं. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांनी पात्र दुभाषा मोफत द्यायचा, असं अफोर्डेबल केअर ॲक्टचं कलम १५५७ सांगतं. भेटीची वेळ घेतानाच मराठी दुभाषा मागा, बहुधा फोनवर मिळतो. ज्यांची वाचाच स्ट्रोकने गेली आहे त्यांच्या बाबतीत घरच्यांनी बघायचं: कपाळ सारखं धरतात का, पडदे ओढायला लावतात का, टीव्ही नकोसा झाला का.

काही डोकेदुखी मात्र कालनिर्णयवर लिहीत बसायची नसते. मिनिटभरात शिगेला पोहोचलेली, आजवर कधी झाली नाही अशी. तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं किंवा दिसणं बिघडणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही सोबत असलेली. ताप आणि मान ताठ असलेली. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना डोक्याला लागल्यानंतरची, मार किरकोळ वाटला तरी. नेहमीच्या दुखण्याची चाल अचानक बदललेली. आणि पन्नाशीनंतर नव्याने कानशिलात दुखणं, चावताना जबडा दुखणं, नजर अंधुक होणं, यातही त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बॉस्टनमध्ये राहणाऱ्या मेंदू-शास्त्रज्ञ जिल बोल्ट टेलर यांना १० डिसेंबर १९९६ च्या सकाळी डाव्या डोळ्यामागे ठणका लागला. तो रक्तस्राव होता. मेंदू हा ज्यांचा अभ्यासविषय, त्यांनाही मदत मागायला फार वेळ लागला, कारण आकडे ओळखू येईनात. कार्डावरच्या आकड्यांचे आकार फोनच्या बटणांशी जुळवत त्यांनी कसाबसा नंबर लावला, आणि पलीकडून उचलल्यावर बोलता येईना. म्हणजे रुग्णाने हाक मारायची वाट बघायची नाही. घरातल्यांनी ९११ ला फोन करायचा, स्वतः गाडी चालवत न्यायचं नाही. हातात ॲस्पिरिनही द्यायचं नाही, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. "शेवटचं नीट कधी होते" ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांपर्यंतच देतात. मोठी गुठळी नळीने ओढून काढणं निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत शक्य असतं.

आईवडील व्हिजिटर विम्यावर असले की ९११ लावताना बिलाचा विचार मनात येतोच, आणि तो खोटाही नाही. जुना आजार अशा विम्यात बहुधा धरत नाहीत. पण १९८६ च्या एम्टाला कायद्यानुसार आणीबाणी कक्षाला आधी तपासून प्रकृती स्थिर करावी लागते, पैसे किंवा विमा असो नसो. बिलाबद्दल रुग्णालयाच्या आर्थिक सहाय्य विभागाशी नंतर बोलता येतं.

ते भारतात परत निघाले की डिस्चार्जचे कागद, एमआरआयची सीडी आणि कालनिर्णयची ती पानं हातातल्या बॅगेत द्या. औषधांची यादी करताना दुकानी नावांऐवजी मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा, आणि ॲसिटामिनोफेनपुढे कंसात पॅरासिटामॉल.